तीनदा उतरवलेलं वजन तीनदा परत आलं, आता कोणतं डाएट करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 43, उंची 160 सेंटिमीटर, वजन 82 किलो. गेल्या काही वर्षांत तुम्ही तीन वेळा आठ ते अकरा किलो उतरवलंत. एकदा साखर आणि धान्यं पूर्ण बंद करून, एकदा हजार कॅलरींचा छापील तक्ता पाळून आणि एकदा दोन जेवणांऐवजी पावडरचे शेक पिऊन. तिन्ही वेळा वर्ष-दीड वर्षात येरे माझ्या मागल्या, आणि शेवटच्या वेळी तर व्याजासकट. आता 62 किलोवर जायचंय. या वेळी कोणतं डाएट करू, माझं मेटाबॉलिझम कायमचं बिघडलंय का, आणि संध्याकाळी सातनंतर खाणं बंद करावं का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मला मात्र तुमच्या मजकुरातलं जाता जाता लिहिलेलं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं: "वजन उतरलं की मग नॉर्मल खायला सुरुवात करते." घोडं तिथेच पेंड खातंय. वजन उतरवणं तुम्हाला येतं, ते तुम्ही तीनदा करून दाखवलंय. अडचण उतरल्यानंतरच्या महिन्यांत आहे, आणि त्या महिन्यांसाठी तिन्ही वेळा काहीच ठरलेलं नव्हतं. ज्या 'नॉर्मल' खाण्याने काटा 82 वर नेला, त्याकडे परत गेलं की काटाही परत तिथेच जाणार. म्हणून मी पेशंटला आधीच विचारते, की बहात्तर किलोच्या अवस्थेत तुम्ही रोज काय जेवणार आहात? यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण डोळ्यासमोर फक्त काट्यावरचा आकडा असतो.

डाएटचा प्रश्न लवकर उरकते. 2018 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने 609 जणांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला कमी स्निग्ध पदार्थांचा आहार दिला, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा. वर्षाने पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलोंनी उतरलं होतं आणि दुसऱ्याचं 6 किलोंनी. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. खरी गंमत गटांच्या आत होती. दोन्हीकडे कुणी वीस किलोंच्या पुढे गेलं, तर कुणाचं वजन उलट वाढलं. दोन्ही गटांना एक सूचना सारखीच होती: भरपूर भाज्या खा, साखर आणि मैदा कमी करा, शक्यतो घरी शिजवलेलं खा. तेव्हा कोणतं डाएट, याचं माझं उत्तर असं की जे पाच वर्षांनीही तुम्ही विनातक्रार जेवत असाल ते. या कसोटीवर तुमचे तिन्ही प्रयोग नापास होतात. शेक पिऊन कुणी आयुष्य काढत नाही.

आता हे सगळं कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगते. थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधं वजन वाढवतात. त्यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधं चालू असताना जेवण कमी केलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून डोस ठरवून घेतल्याशिवाय काहीच बदलू नका. लपून खाणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं असं काही होत असेल तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या आसपासचे बदल सुरू होतात. चरबी पोटाकडे सरकते, झोप मोडते. आणि घरात स्वयंपाक कोण करतं, जेवायला निवांत वेळ मिळतो की उभ्याउभ्या उरकावं लागतं, यावरही खूप ठरतं. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला मी वेगळं सांगेन.

मेटाबॉलिझमकडे येऊ. 'कायमचं बिघडलं' असं मी म्हणणार नाही, पण वजन उतरल्यावर शरीराचा कॅलरींचा खर्च खाली येतो हे खरं आहे. लहान शरीराला कमी लागतं, हा एक भाग झाला. त्याशिवाय शरीर थोडी जादा काटकसरही करतं. रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हे नीट मोजून दाखवलं. वजन दहा टक्के कमी करून तिथे ठेवलेल्या माणसांचा दिवसाचा खर्च, नुसत्या आकारावरून अपेक्षित होता त्यापेक्षाही खाली गेला होता. टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या 14 जणांचा 2016 चा अभ्यास तुम्ही कदाचित वाचला असेल. सहा वर्षांनंतरही त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरींनी कमी होता. ते वाचून पोटात गोळा येतो, पण त्या लोकांनी तीस आठवड्यांत सरासरी 58 किलो उतरवले होते. तुमची गोष्ट त्या टोकाची नाही.

वजन परत आणण्यात त्याहून मोठा वाटा भुकेचा आहे. तिची चर्चा फार कमी होते. यावरचा मला आवडणारा अभ्यास जरा वेगळ्या वाटेने झाला. मधुमेहाचं एक औषध असं आहे की ते रोज काही साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणजे शरीरातून दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी गुपचूप निघून जातात. माणूस डाएटवर नाही, उपाशी नाही, आपल्या कॅलरी कमी होताहेत याचा त्याला पत्ताही नाही. असं वर्षभर औषध घेणाऱ्यांचं वजन सुरुवातीला उतरलं आणि मग थांबलं. का थांबलं, याचा हिशोब अमेरिकी संशोधक केविन हॉल यांच्या गटाने 2016 मध्ये मांडला. उतरलेल्या दर किलोमागे त्यांचं खाणं, त्यांच्या नकळत, दिवसाला सुमारे 100 कॅलरींनी वाढत होतं. शरीराच्या खर्चातली घट याच्या एक तृतीयांशही नव्हती. या हिशोबाने दहा किलो उतरवलेल्या माणसाला शरीर रोज हजारेक कॅलरी जास्त मागायला लावतं. डाएट चालू असतं तोवर आपण ती भूक दाबून ठेवतो. डाएट संपतं, भूक संपत नाही.

ती लवकर शांतही होत नाही. ऑस्ट्रेलियात दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर लोकांच्या रक्तातली भुकेची हार्मोन्स तपासली. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन घसरलं होतं, भूक चेतवणारं घ्रेलिन वाढलं होतं. वर्ष उलटल्यावर पुन्हा पाहिलं तरी ती मूळ पातळीवर आलेली नव्हती. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. आता तुमच्या तिन्ही वेळा आठवून पाहा. वजन उतरल्यावरचं पहिलं वर्ष हाच सगळ्यात बिकट काळ असतो, आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही सगळे नियम एकदम सोडून दिलेत. त्यामुळे स्वतःला आळशी, मनाच्या कच्च्या वगैरे जे काही तुम्ही लिहिलंय ते खोडून टाका.

मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्यांना माझा पहिला सल्ला सहसा आवडत नाही: पहिले दोन महिने वजन उतरवू नका. आहे तेवढं टिकवून दाखवा.

यामागे नुसता माझा हट्ट नाही. स्टॅनफर्डमध्येच 267 महिलांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी आधी आठ आठवडे फक्त वजन स्थिर ठेवण्याची कौशल्यं शिकली आणि मग वीस आठवडे वजन उतरवलं. उरलेल्यांनी नेहमीसारखं आधी उतरवलं, मग टिकवायला शिकलं. उतरलेलं वजन दोन्हीकडे जवळपास सारखं होतं. पण वर्षभर कुणाचाही आधार नसताना आधी टिकवायला शिकलेल्यांचं सरासरी दीडेक किलो परत आलं, दुसऱ्यांचं तीन किलोंहून जास्त. माझा अनुभवही याच्याशी जुळतो. भूक खवळलेली असताना नव्या सवयी लावणं फार अवघड जातं. पोट भरलेलं असताना, काट्याची घाई नसताना त्या लागतात.

या दोन महिन्यांत पहिलं काम म्हणजे आपण खरोखर किती खातो ते पाहणं. तुम्ही लिहिलंय की बाराशे कॅलरींत राहूनही वजन हलत नाही. नेमकी हीच तक्रार असलेल्या लोकांचा 1992 मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला. त्यांनी लिहून दिलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी होतं, आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त लिहिलेली होती. त्यांचं मेटाबॉलिझम तपासलं तर ते व्यवस्थित निघालं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. खाणं लक्षात राहतच नाही.

मी टेबलावर तेलाची बाटली, एक रिकामी वाटी आणि 5 मिलीचा मापाचा चमचा ठेवते. "भाजीला घालता तेवढं वाटीत ओता," एवढंच सांगते. समोरची व्यक्ती "दोन चमचे" म्हणत बाटली तिरकी करते आणि सवयीप्रमाणे मनगट गोल फिरवते. मग तेच तेल आम्ही चमच्याने मोजत परत बाटलीत भरतो. दोनचे बहुधा पाच-सहा निघतात. एका चमच्याला साधारण 40 कॅलरी, म्हणजे फरक दीडशेच्या आसपास, तोही एकाच भाजीत. अर्थात भाजी सगळं घर खातं, त्यामुळे सगळ्या कॅलरी तुमच्या एकटीच्या नव्हेत. पण दिवसाला अशा चार-पाच जागा असतात. चव बघताना तोंडात टाकलेलं, मुलांच्या ताटात उरलेलं, डब्यातून येता-जाता घेतलेली शेंगदाण्यांची मूठ. ही मूठच सहज दीडशे-पावणेदोनशे कॅलरींची होते. लिहायचं असेल तर तोंडात टाकण्याआधी लिहा. रात्री झोपताना आठवून लिहिलेली वही माझ्या काही उपयोगाची नसते.

लिहिणं जन्मभर करायचं नाही. दोन-तीन आठवडे पुरे. आपल्या गळतीच्या जागा कळल्या की वही मिटा.

दुसरं काम पोट भरण्याचं. भूक वाढणारच आहे हे एकदा मान्य केलं की जेवण छोटं करण्यापेक्षा जड करणं शहाणपणाचं ठरतं. जड म्हणजे वजनाला जड, कॅलरींनी हलकं. ताटाचा निम्मा भाग भाज्यांचा. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठसठशीत पदार्थ: डाळी-कडधान्यं, अंडी, दही, पनीर, मासे, जे तुम्ही खात असाल ते. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर वजन उतरवण्याच्या काळात दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मी धरते. त्याने भूक आवरते आणि चरबीबरोबर स्नायूही वितळून जाण्याचं प्रमाण कमी होतं. धान्य बंद करायचं नाही, त्याला ताटाचा चौथा हिस्सा ठेवायचा. गोड पेयं आणि फळांचे रस मात्र मी खरोखर जवळपास बंद करायला सांगते. प्यायलेल्या कॅलरींची पोट नीट नोंद घेत नाही, पुढचं जेवण तेवढंच होतं.

पाकीटबंद खाण्याबद्दलही माझं मत कडक आहे, त्याचं कारण सांगते. केविन हॉल यांनीच 2019 मध्ये वीस जणांना महिनाभर संशोधन केंद्रात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साध्या पदार्थांचं जेवण. पुढे ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पहिल्या प्रकारात लोक रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. भूक त्यांनी दोन्ही वेळा सारखीच असल्याचं सांगितलं. म्हणून असलं खाणं घरात आणून मग संयम दाखवण्यापेक्षा ते दुकानातच राहू द्यावं. दुकानात एकदाच नाही म्हणावं लागतं, घरात दिवसातून वीसदा.

पण आवडीच्या पदार्थावर कायमची बंदी घालू नका. तुमच्या पहिल्या प्रयोगाचा शेवट तुम्हीच लिहिलाय: एका समारंभात गोड खाल्लं आणि "आता मोडलंच आहे तर" म्हणून महिनाभर सुटलात. त्या एका वाटीच्या कॅलरी किरकोळ होत्या, महिन्याच्या नव्हत्या. आठवड्यातून एक-दोनदा आवडीचं ठरवून, ताटात वाढून, बसून खा.

सवय एकवीस दिवसांत लागते असं सगळीकडे सांगतात. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते प्रत्यक्ष मोजलं तेव्हा कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा 66 चा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही. म्हणून मी एका वेळी एक-दोनच बदल सांगते. सोमवारी सकाळी दहा बदल सुरू केले की नव्याचे नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी दहाही गेलेले असतात.

दोन महिने वजन एक-दीड किलोच्या पट्ट्यात राहिलं की उतरवायला सुरुवात करा. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर हुरळू नका, त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ती साखर वापरली गेली की तेही जातं. फार झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हे छापील तक्ता देणारे सांगत नाहीत.

चार-पाच किलो उतरले की थांबा. महिना-दीड महिना तिथेच राहा, पहिल्या दोन महिन्यांत शिकलात तसं. हा थांबा लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते पूर्ण योजनेतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. पूर्वी तुम्ही टिकवण्याचा सराव कधी केलाच नव्हता. आता लहान प्रमाणात, चूक सुधारता येईल अशा टप्प्यावर तो होतो. भूक किती वाढली, रविवारचं काय होतं, पाहुणे आले की काय होतं, हे सगळं या थांब्यात दिसतं.

काट्यावर रोज किंवा आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, एकाच वेळी उभं राहा आणि आठवड्याची सरासरी बघा. आदल्या दिवशीचं खारट खाणं, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस यांनी काटा एक-दोन किलो इकडेतिकडे होतो. ती चरबी नसते. एक किलो चरबी साठायला 7,700 च्या आसपास कॅलरी जास्तीच्या लागतात, त्या एका जेवणात जात नाहीत. पण सरासरी सलग दोन आठवडे तुमच्या पट्ट्याच्या वर राहिली तर लगेच वही उघडायची. वाढलेले दोन किलो पुन्हा उतरवणं सोपं असतं. आठ किलो होईपर्यंत काट्याकडे पाठ फिरवली की पुन्हा नवं डाएट शोधायची वेळ येते. काटा बघून दिवस खराब जात असेल तर मात्र कपड्यांवरून किंवा कंबरेच्या मापावरून लक्ष ठेवा.

व्यायामाबद्दल एवढंच, की वजन उतरवण्यात त्याचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा लहान आणि टिकवण्यात मोठा आहे. अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान 13.6 किलो उतरवून वर्षभर तरी टिकवले. त्यांत बहुसंख्य रोज सरासरी तासभर हालचाल करणारे आहेत, आणि चारातले तीन आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. ही स्वतःहून नाव नोंदवलेली माणसं आहेत, त्यामुळे तासभर चाललं की वजन टिकतंच असा अर्थ काढू नका. चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे किंवा ताकदीचे व्यायाम धरा, चाळिशीनंतर स्नायू राखणं गरजेचं असतं. झोप सात तासांच्या खाली जात असेल तर आधी ती सुधारा, अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

वजनाची नवी इंजेक्शनं घ्यावीत का, हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे टिकवण्याचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

तुमच्या 62 च्या आकड्याबद्दल. मी तो सध्या बाजूला ठेवेन. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल एवढंच लक्ष्य होतं. त्याने मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे 76 किलो. 76 वर वर्षभर राहून दाखवलंत तर त्याची किंमत 65 ला तीन महिने हात लावून परत येण्यापेक्षा माझ्या हिशोबी कितीतरी जास्त आहे. त्यानंतर पुढे जायचं की तिथेच राहायचं, ते तुमचे रिपोर्ट, गुडघे आणि मन बघून ठरवू.

राहता राहिला सात वाजताचा नियम. सात वाजून एक मिनिटाने खाल्लेलं जास्त चरबी करतं असं काही नाही. काही जणांना हा नियम उपयोगी पडतो, कारण टीव्हीसमोरचं रात्रीचं चरणं आपोआप बंद होतं. तुम्ही मात्र कामावरून आठला घरी येता असं लिहिलंय. मग सातचा नियम म्हणजे रोज उपाशी झोपणं आणि चौथ्या दिवशी रात्री अकरा वाजता फ्रिज उघडणं. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास प्रथिनांचं काहीतरी छोटं खा, आल्यावर साडेआठला घरच्यांबरोबर नीट बसून जेवा, आणि जेवण झाल्यावर स्वयंपाकघराचा दिवा बंद करा.